न्यायमूर्तींना आलेलं पत्र

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात कोर्टलंड नावाचं गाव आहे. तिथल्या एका शेतकरी कुटुंबात १४ मे १८५२ रोजी एक मुलगा जन्मला. त्याचं नाव ऑल्टन ब्रुक्स पार्कर. मुलगा जरा जाणता झाला तेव्हा वडिलांना ज्यूरीत बसायला कोर्टाचं बोलावणं आलं. तिकडे शेतकरी, दुकानदार, कारागीर अशा साध्या माणसांना ज्यूरीच्या बाकावर बसवतात आणि खरं काय, खोटं काय, हे त्यांना ठरवायला सांगतात. वकील उभे राहून बोलतात, साक्षीदार शपथ घेतात आणि आपला शेतकरी बाप गप्प बसून दोन्ही बाजू ऐकून घेतो, हे त्या मुलानं डोळे भरून पाहिलं. आपण वकील व्हायचं, असं त्यानं ठरवून टाकलं.

ठरवल्याप्रमाणे तो झालाही. आधी काही काळ शाळामास्तर, मग आल्बनीच्या लॉ स्कूलची पदवी, मग किंग्स्टन गावात वकिली. १८७७ मध्ये मृत्युपत्रं आणि वारसाहक्काची कामं पाहणारा न्यायाधीश म्हणून तो निवडून आला. न्यूयॉर्कमध्ये न्यायाधीशही लोकांच्या मतांवर निवडले जात, त्यामुळे कोर्ट आणि राजकारण यांच्यात फार उंच भिंत नव्हती. १८८५ मध्ये डेव्हिड हिल यांच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीची सूत्रं पार्कर यांनी सांभाळली. हिल जिंकले आणि त्यांनी ३३ वर्षांच्या पार्करना राज्याच्या सुप्रीम कोर्टात नेमलं. त्या राज्यात सुप्रीम कोर्टाच्याही वर आणखी एक न्यायालय आहे, कोर्ट ऑफ अपील्स. १८९७ मध्ये पार्कर त्याच्या मुख्य न्यायाधीशपदासाठी उभे राहिले आणि निवडून आले. आदल्याच वर्षी राज्यानं विरोधी पक्षाला भरभरून मतं दिली होती, तरीही लोकांनी पार्करना निवडलं. या माणसाच्या हातात न्याय सुरक्षित राहील, एवढा भरवसा त्यांनी मिळवला होता.

भरवसा ठेवावा असंच त्यांचं काम होतं. १८९५ मध्ये न्यूयॉर्कनं कायदा केला की, बेकरीतल्या कामगाराकडून दिवसाला १० तासांपेक्षा आणि आठवड्याला ६० तासांपेक्षा जास्त काम करून घ्यायचं नाही. त्या वेळच्या कितीतरी बेकऱ्या तळघरात असत. खाली भट्टीची धग, हवेत सतत पिठाची धूळ, आणि रात्रभर कणीक मळणारी माणसं. युटिका गावच्या एका बेकरीमालकानं या कायद्याला आव्हान दिलं. कामगार राजीखुशीनं जास्त तास राबत असेल तर सरकारला मध्ये पडायचा अधिकार काय, असा त्याचा सवाल होता. १९०४ च्या जानेवारीत कोर्ट ऑफ अपील्सनं चार विरुद्ध तीन मतांनी कायदा उचलून धरला आणि बहुमताचा निकाल पार्कर यांनी लिहिला. लोकांच्या आरोग्यासाठी कायदेमंडळानं विचारपूर्वक कायदा केला असेल, तर तो मोडून काढणं हे न्यायाधीशाचं काम नाही, अशी त्यांची भूमिका होती. पुढे १९०५ मध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी हा निकाल फिरवला आणि कामगारांचं संरक्षण गेलं. आज अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या त्या निर्णयाचं नाव फारसं कुणी अभिमानानं घेत नाही. पार्करांचं मत काळाच्या कसोटीवर टिकलं.

पण ही गोष्ट त्यांच्या दुसऱ्या एका निकालाची आहे.

एका पिठाच्या गिरणीनं जाहिरातीसाठी भिंतीवर लावायची चित्रं रॉचेस्टरमध्ये छापून घेतली. सुमारे २५ हजार प्रती. चित्रात एका तरुण मुलीचा देखणा चेहरा, वर पिठाची स्तुती आणि खाली गिरणीचं नाव. ही चित्रं दुकानांत, गोदामांत आणि दारूच्या गुत्त्यांतही लागली. चेहरा खऱ्या मुलीचा होता. ती कायद्याच्या दृष्टीनं अज्ञान होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. तिची परवानगी नव्हती, तिला एक पैसा मिळाला नव्हता, आणि चेहरा भिंतीभिंतीवर लागला म्हणून तो ओळखणारे तिची टवाळी करू लागले. तिनं अंथरूण धरलं, डॉक्टर बोलवावा लागला. तिच्या वतीनं पालकानं दावा लावला: ही चित्रं छापायला मनाई करा आणि १५ हजार डॉलर भरपाई द्या.

खालच्या दोन्ही कोर्टांनी मुलीची बाजू मान्य केली. प्रकरण कोर्ट ऑफ अपील्समध्ये आलं. २७ जून १९०२ ला निकाल लागला आणि मुलगी हरली. चार विरुद्ध तीन. बहुमताचा निकाल लिहिणारे होते मुख्य न्यायाधीश पार्कर.

त्यांनी लिहिलं ते थोडक्यात असं: माणसाचा खासगीपणाचा म्हणून काही हक्क असतो, असं आमच्या कायद्याच्या पुस्तकांत कुठेही सापडत नाही. चित्रात बदनामी नाही. आज हा हक्क मान्य केला तर उद्या खटल्यांचा पूर येईल आणि रेघ कुठे ओढायची हे कुणालाच कळणार नाही. असा हक्क हवा असेल तर कायदेमंडळानं तसा कायदा करावा.

इथवर मला त्यांच्यात दोष काढता येत नाही. कायदा करणं हे कायदेमंडळाचं काम, हेच तत्त्व त्यांनी पुढे बेकरी कामगारांसाठी वापरलं आणि हेच या मुलीविरुद्ध. तत्त्वाला धरून राहणारा न्यायाधीश कधी आपल्याला आवडेल असा निकाल देतो, कधी न आवडेल असा. पण त्याच निकालपत्रात आणखी एक वाक्य आहे. त्याचा आशय असा की, जाहिरातीसाठी आपलाच चेहरा निवडला गेला यात आपल्या सौंदर्याचं कौतुक आहे, असं दुसऱ्या कुणी मानलं असतं. हिला मात्र ते रुचलं नाही.

या वाक्याची कायद्याला काही गरज नव्हती. ते गाळलं असतं तरी निकालाचं एक अक्षर बदललं नसतं. अंथरुणाला खिळलेल्या मुलीला उंच आसनावरून सांगितलं गेलं की, तुझ्या जागी दुसरी असती तर तिला आनंदच झाला असता. हे लिहिणाऱ्या माणसाचा चेहरा कधी कुणी पिठाच्या जाहिरातीत छापला नव्हता.

लोक संतापले. वर्तमानपत्रांनी टीकेची झोड उठवली. शेवटी त्याच न्यायमूर्तींपैकी एकाला कायद्याच्या मासिकात लेख लिहून निकालाची बाजू मांडावी लागली. १९०३ मध्ये कायदेमंडळानं कायदा केला: माणसाच्या लेखी संमतीशिवाय त्याचं नाव किंवा चित्र जाहिरातीसाठी वा धंद्यासाठी वापरणं हा गुन्हा, आणि ज्याचं चित्र वापरलं त्याला मनाई हुकूम आणि भरपाई मागायचा हक्क. म्हणजे पार्कर म्हणाले होते तसंच झालं. मुलीचा खटला मात्र आधीच बुडाला होता.

आता १९०४ साल. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर आली होती. रिपब्लिकन पक्षाकडे थिओडोर रूझवेल्ट होते, तरुण, दणदणीत बोलणारे आणि लोकांचे लाडके. डेमोक्रॅटिक पक्ष विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांच्यामागे जाऊन लागोपाठ दोनदा हरला होता. ब्रायन म्हणत, चलन चांदीवरही असावं. पक्षातला दुसरा गट म्हणे, फक्त सोन्यावर. या भांडणात कुणाच्याच बाजूनं कधी न बोललेला माणूस पक्षाला हवा होता. असा माणूस कोर्ट ऑफ अपील्समध्ये बसला होता. पत्रकार पार्करांना मतं विचारत. न्यायासनावर असेपर्यंत राजकारणावर एक शब्द बोलणार नाही, असं ते सांगत आणि त्याप्रमाणे वागत.

जुलैमध्ये सेंट लुईस शहरात पक्षाचं अधिवेशन भरलं. पहिल्याच फेरीत पार्करांचं नाव पक्कं झालं. पक्षाच्या जाहीरनाम्यात सोन्याचा उल्लेखच नव्हता, भांडण नको म्हणून तो विषय सगळ्यांनी मिळून झाकून ठेवला होता. नाव जाहीर झालं आणि पार्करांनी सेंट लुईसला तार केली. सोन्याचं चलन कायमचं पक्कं झालं आहे असं मी मानतो, निवडून आलो तर तसाच वागेन, आणि हे बहुसंख्यांना मान्य नसेल तर माझ्या जागी दुसरा उमेदवार द्या, असं त्यांनी कळवलं. अधिवेशनात खळबळ उडाली. उमेदवारी हातात पडल्यावर गप्प राहणं किती सोपं होतं! आधी मौन पाळलं ते पदासाठी, आणि बोलले ते पद हातचं जाईल हे माहीत असताना. या एका तारेसाठी मी त्यांना प्रामाणिक माणूस मानतो. अधिवेशनानं त्यांनाच कायम ठेवलं. ऑगस्टमध्ये त्यांनी मुख्य न्यायाधीशपदाचा राजीनामा दिला.

पार्कर हडसन नदीकाठी इसोपस नावाच्या खेड्यात राहत. घराचं नाव रोझमाउंट. रोज सकाळी नदीत पोहायचं, घोड्यावर रपेट मारायची, शेतीवाडीकडे नजर टाकायची, असा त्यांचा दिनक्रम होता. उमेदवारी मिळाली आणि त्या खेड्यात पत्रकारांनी आणि कॅमेरेवाल्यांनी तळ ठोकला. ते अंगणात आले की कॅमेरा, नदीवर निघाले की कॅमेरा, नातवंडांशी बोलत उभे राहिले तरी कॅमेरा. पन्नाशी उलटलेला हा गृहस्थ अखेर वैतागला. खिशात हात घालून मनासारखं उभं राहायचा माझा हक्क मी राखून ठेवतो, दर घडीला कुणीतरी फोटो काढील या धास्तीत मी जगणार नाही, अशा अर्थाचं ते बोलले. वर्तमानपत्रांत ते छापून आलं.

रॉचेस्टरच्या त्या मुलीनं ते वाचलं.

तिनं पार्करांना पत्र लिहिलं आणि २७ जुलै १९०४ रोजी न्यूयॉर्क टाइम्सनं ते पहिल्या पानावर छापलं. तिनं शिवीगाळ केली नाही, रडगाणं गायलं नाही. तुम्ही जो हक्क सांगता आहात तसा हक्क तुम्हाला नाही, एवढंच तिनं त्यांच्या ध्यानात आणून दिलं; आणि हे मला पक्कं ठाऊक असायला चांगलं कारण आहे, असंही लिहिलं. कारण हा निकाल तिच्याच खटल्यात लागला होता आणि खाली सही त्यांची होती.

१९०३ च्या नव्या कायद्याचाही पार्करांना उपयोग नव्हता. तो जाहिरातीपुरता आणि धंद्यापुरता होता. बातमीसाठी उमेदवाराचा फोटो काढणारा त्यात सापडत नव्हता. तेव्हा मुख्य न्यायाधीशांना त्या उन्हाळ्यात नेमकं काय वाटलं असेल, ते दोन वर्षांपूर्वी त्या मुलीला वाटून गेलं होतं. चेहरा आपला, पण त्यावर आपला हक्क नाही. फरक एवढाच की, पार्कर आपण होऊन लोकांसमोर आले होते. ती आली नव्हती.

या गोष्टीचा बोध इथंच सांगून टाकतो. ज्याच्या हातात निकाल आहे त्यानं तो लिहिण्याआधी कठड्याच्या पलीकडे, जिथं फिर्यादी उभा असतो तिथं, मनानं का होईना पण उभं राहून यावं. त्यानं निकाल बदलेलच असं नाही. कायदा आड येत असेल तर मुलगी हरेलही. पण त्या वाक्यासारखं वाक्य हातून लिहिलं जाणार नाही. वडिलांना ज्यूरीच्या बाकावर पाहून जो मुलगा वकील झाला, त्याला हे कधीतरी ठाऊक होतं, असं मला वाटतं. आसन जितकं उंच आणि जितकी जास्त वर्षं, तितकी खालची माणसं लहान दिसू लागतात, आणि हे आपल्या ध्यानातही येत नाही.

कठड्याच्या पलीकडची जागा पार्करांच्या वाट्याला त्या वर्षात आणखी एकदा आली. प्रचाराच्या शेवटच्या दिवसांत त्यांनी भाषणांतून आरोप केला की, रूझवेल्ट यांच्या पक्षाचे प्रचारप्रमुख मोठमोठ्या कंपन्यांकडून पैसा उकळत आहेत. हे प्रचारप्रमुख, जॉर्ज कॉर्टेल्यू, आधी रूझवेल्ट यांच्याच मंत्रिमंडळात होते आणि कंपन्यांवर नजर ठेवणारं खातं त्यांच्या हाताखाली होतं. आरोप गंभीर होता. रूझवेल्ट कडाडले: हे धादांत खोटं आहे, आणि पार्करांनी पुराव्याचा कागदही दिलेला नाही. देश पार्करांकडे पाहू लागला. पार्करांकडे पुढे करायला काही नव्हतं. आयुष्यभर इतरांना ‘पुरावा कुठे आहे?’ असं विचारणारा माणूस रिकाम्या हातानं उभा होता. पुराव्याशिवाय केलेला आरोप त्यांनी आपल्या कोर्टात पाच मिनिटंही टिकू दिला नसता. हेही सांगायला हवं की, त्यांच्या स्वतःच्या पाठीशीही ऑगस्ट बेलमाँट यांच्यासारखे गडगंज धनिक होते.

८ नोव्हेंबरला मतदान झालं. रूझवेल्ट यांना ३३६ प्रतिनिधी-मतं, पार्करांना १४०. दक्षिणेकडच्या राज्यांपलीकडे त्यांच्या पदरात फारसं काही पडलं नाही. ज्या न्यूयॉर्कनं त्यांना मुख्य न्यायाधीश केलं, त्या न्यूयॉर्कनंही पाठ फिरवली.

वर्ष सरायच्या आत न्यूयॉर्कच्या कायदेमंडळानं विमा कंपन्यांच्या कारभाराची चौकशी लावली. १९०५ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क लाइफ या कंपनीच्या उपाध्यक्षांनी साक्षीत कबूल केलं की, १९०४ च्या निवडणुकीत कंपनीनं रिपब्लिकन पक्षाला सुमारे ४८ हजार डॉलर दिले. हा पैसा विमेदारांचा होता. विधवा आणि पोरक्या मुलांसाठी साठवलेला. म्हणजे पार्कर पुष्कळसं खरं बोलले होते. पण खरं बोलणं आणि खरं सिद्ध करणं यात अंतर असतं, आणि त्या अंतरात एक अख्खी निवडणूक वाहून गेली. १९०७ मध्ये अमेरिकेच्या संसदेनं कंपन्यांना राष्ट्रीय निवडणुकीत देणग्या द्यायला बंदी करणारा कायदा केला. मुलीच्या बाबतीत घडलं तसंच इथंही घडलं: मागणारा हरला, कायदा नंतर आला.

त्या विमा चौकशीत साक्षीदारांकडून एकेक गोष्ट वदवून घेणाऱ्या वकिलाचं नाव होतं चार्ल्स इव्हान्स ह्यूज. ते पुढे गव्हर्नर झाले, देशाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले आणि १९१६ मध्ये त्यांनीही न्यायासन सोडून राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली. तेही हरले. ह्यूज १९३० मध्ये सरन्यायाधीश म्हणून परत आले. पार्करांना परतीची वाट मिळाली नाही. मुख्य न्यायाधीशपदाची त्यांची कित्येक वर्षं शिल्लक होती, पण त्या खुर्चीवर एडगर कलन बसले होते.

मग पार्करांनी काय केलं? ते पुन्हा वकील झाले. मला या माणसाबद्दल सगळ्यात जास्त आदर इथं वाटतो. ज्या दालनात आपण वर बसलो, त्यासारख्याच दालनात खाली उभं राहून अर्ज करायला त्यांना कमीपणा वाटला नाही. न्यायालयाचा अवमान केल्याबद्दल कामगारपुढारी सॅम्युअल गाँपर्स यांच्यावर खटला चालला, तेव्हा त्यांचं वकीलपत्र पार्करांनी घेतलं. एका भट्टी-शेगड्यांच्या कंपनीवर बहिष्कार टाका, असं गाँपर्स यांनी कामगारांना सांगितलं होतं. १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाँपर्स यांची तुरुंगवासाची शिक्षा रद्द झाली.

आणि १९१३ मध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर विल्यम सल्झर यांच्यावर महाभियोग चालला. आरोप होता निवडणूक-निधीचा: मिळालेल्या देणग्या शपथेवर दिलेल्या हिशोबात दाखवल्या नाहीत आणि त्यातला पैसा शेअर घेण्यात घातला. आरोप सिद्ध करायची जबाबदारी पार्करांवर आली. न्यूयॉर्कच्या रिवाजाप्रमाणे असा खटला राज्याची सिनेट आणि कोर्ट ऑफ अपील्सचे न्यायमूर्ती एकत्र बसून ऐकतात, आणि अध्यक्षस्थानी असतो मुख्य न्यायाधीश. आल्बनीच्या त्या दालनात वर बसले होते एडगर कलन. खाली उभे होते पार्कर.

या वेळी हात रिकामे नव्हते. चेक होते, हिशोबाच्या वह्या होत्या, देणगीदार स्वतः साक्षीला होते. १७ ऑक्टोबर १९१३ ला सल्झर यांना पदावरून काढण्यात आलं. सल्झर आपल्याच पक्षातल्या टॅमनी हॉल या बलाढ्य गटाच्या पुढाऱ्यांना जुमानेनात म्हणून हा सूड उगवला, असं तेव्हाही पुष्कळांना वाटत होतं, आणि त्यात तथ्य आहे असं मलाही वाटतं. स्वतः कलन यांनी सल्झर यांच्या बाजूनं मत दिलं. पण कागदावरचे आकडे खोटे होते, हेही तितकंच खरं. निवडणुकीच्या पैशाबद्दल नऊ वर्षांपूर्वी जे पार्करांना सिद्ध करता आलं नव्हतं, तसलंच काहीतरी त्यांनी या वेळी शांतपणे, एकेक चेक पुढे ठेवून सिद्ध केलं.

१० मे १९२६ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून मोटारीनं जाताना हृदयविकाराच्या झटक्यानं त्यांना मृत्यू आला. ७४ वा वाढदिवस चार दिवसांवर होता. किंग्स्टनला त्यांचं दफन झालं. अमेरिकेत हरलेल्या उमेदवारांच्या यादीत त्यांचं नाव येतं आणि बहुतेक लोक ते वाचून पुढे जातात.

त्या मुलीच्या खटल्यानंतर झालेला १९०३ चा कायदा न्यूयॉर्कच्या नागरी हक्क कायद्यात कलम ५० आणि ५१ म्हणून आजही लागू आहे. परवानगीशिवाय जाहिरातीत चेहरा वापरला, तर तिथं कोणतीही मुलगी त्याच्या आधारानं कोर्टात उभी राहू शकते.